इलेक्ट्रॉन तिथेच तापला की बाहेरून आत ढकलला गेला? भूचुंबकीय वादळातल्या ऊर्जावाढीचा छडा कसा लावायचा

भूचुंबकीय वादळ ओसरल्यावर बाहेरच्या व्हॅन ॲलन पट्ट्यातले, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या जोरकस कणांच्या पट्ट्यातले, १ एमईव्हीच्या (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या) वरचे इलेक्ट्रॉन कधी कधी शेकडो पटींनी वाढलेले दिसतात. ही ऊर्जा त्यांना दोन मुख्य वाटांनी मिळते. एकीत बाहेरचे, कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन हळूहळू पृथ्वीकडे सरकतात आणि अधिक बळकट चुंबकीय क्षेत्रात येता येता त्यांची ऊर्जा वाढत जाते. दुसरीत पट्ट्याच्या मध्यावरच कोरस नावाच्या विद्युतचुंबकीय लहरी त्यांना धक्के देत वर चढवतात. पहिल्या वाटेला त्रिज्यीय विसरण म्हणतात, दुसरीला स्थानिक त्वरण. एखाद्या वादळात यांपैकी कोणती वाट चालली हे नासाच्या व्हॅन ॲलन प्रोब्ज या जुळ्या उपग्रहांच्या खुल्या मोजमापांवरून घरच्या लॅपटॉपवर ठरवता येते. त्याची पद्धत इथे दिली आहे. पदवीपर्यंतचे भौतिकशास्त्र आणि पायथनची कामचलाऊ ओळख एवढी शिदोरी पुरते.

सरावाला ८ आणि ९ ऑक्टोबर २०१२ चे वादळ घ्यावे. उपग्रह ३० ऑगस्ट २०१२ रोजी उडाले होते, म्हणजे सगळी उपकरणे नवीकोरी होती. शिवाय या वादळावर एवढे लिहिले गेले आहे की स्वतःचे उत्तर चुकले तर लगेच कळते.

आधी फ्लक्सच्या आलेखावर विश्वास ठेवणे सोडा

बहुतेक जण इथेच घसरतात. उपग्रहाच्या फाइलमधून २ एमईव्हीचा फ्लक्स, म्हणजे ठरावीक क्षेत्रफळातून दर सेकंदाला जाणारे इलेक्ट्रॉन, काढायचा, वेळेपुढे मांडायचा, रेष खाली गेली की 'इलेक्ट्रॉन नष्ट झाले' आणि वर आली की 'त्वरण झाले' असे म्हणायचे. पण वादळाच्या मुख्य टप्प्यात रिंग करंट, म्हणजे पृथ्वीभोवती फिरणारा विद्युतप्रवाह, फुगतो आणि त्याच्या आतल्या भागातले पृथ्वीचे क्षेत्र क्षीण करतो. इलेक्ट्रॉनची कक्षा त्यामुळे बाहेरच्या बाजूला फुगते, त्याची ऊर्जा घटते आणि ठरावीक ऊर्जेला, ठरावीक जागी मोजलेला फ्लक्स कोसळतो. रिंग करंट ओसरला की सगळे पूर्ववत. एकही इलेक्ट्रॉन ना मेला, ना कुणाला नवी ऊर्जा मिळाली. याला डीएसटी परिणाम म्हणतात. डीएसटी हा वादळाचा जोर नॅनोटेस्लात सांगणारा निर्देशांक, जितका उणे तितके वादळ मोठे. फ्लक्सच्या आलेखात हा परिणाम आणि खरे त्वरण एकमेकांत असे मिसळलेले असतात की नुसत्या नजरेने वेगळे होत नाहीत.

दुसरा गैरसमज असा की वादळ जितके मोठे तितके इलेक्ट्रॉन जास्त. १९८९ ते २००० या काळातल्या २७६ वादळांचा हिशेब २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे निम्म्या वादळांनंतर फ्लक्स वाढला, साधारण पाचव्या हिश्श्यात उलट घटला आणि उरलेल्यांत फारसा फरक पडला नाही. वादळ म्हणजे जमा आणि खर्च एकाच वेळी चालू असलेली वही आहे, शिल्लक कोणत्या बाजूला पडेल ते डीएसटीच्या आकड्यावरून कळत नाही.

यावर उपाय एकच. इलेक्ट्रॉनला ऊर्जा आणि जागा यांनी ओळखण्याऐवजी त्याच्या तीन अचल राशींनी ओळखायचे.

तीन अचल राशी, कामापुरत्या

पट्ट्यातला इलेक्ट्रॉन एकाच वेळी तीन हालचाली करतो. ५ पृथ्वीत्रिज्यांवरचा १ एमईव्हीचा इलेक्ट्रॉन घ्या. प्रकाशाच्या ९४ टक्के वेगाने जाणारा हा कण क्षेत्ररेषेभोवती एक गिरकी अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत घेतो. उत्तर-दक्षिण हेलकावा सुमारे अर्ध्या सेकंदात पुरा करतो. आणि पृथ्वीभोवती पूर्वेकडे सरकत एक प्रदक्षिणा जवळपास १३ मिनिटांत संपवतो. प्रत्येक हालचालीची एक अचल राशी असते. गिरकीची म्यू, हेलकाव्याची के, प्रदक्षिणेची एल-स्टार (ढोबळमानाने, प्रदक्षिणेचे पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर पृथ्वीत्रिज्यांत). क्षेत्र त्या त्या हालचालीच्या मानाने संथपणे बदलत असेल तर ती राशी बदलत नाही.

मघाचा प्रश्न आता नेमका होतो. मिनिटांच्या गतीने झुलणाऱ्या अतिदीर्घ लहरी फक्त एल-स्टार मोडतात, म्यू आणि के तशाच राहतात. हे विसरण. सेकंदाला हजारो वेळा कंप पावणाऱ्या कोरस लहरी थेट गिरकीशी सूर जुळवतात आणि म्यूच मोडतात. हे स्थानिक त्वरण.

म्यू कायम ठेवून आत सरकल्यावर किती ऊर्जा मिळते ते एकदा हाताने काढून बघा, पुढचे सगळे सोपे जाते. ऊर्जा एमईव्हीत घेतली तर:

संवेगवर्ग = ऊर्जा × (ऊर्जा + १.०२२)

१ एमईव्हीला हा आकडा २.०२२ येतो. विषुववृत्तावर, ९० अंशांच्या पिच कोनाला (इलेक्ट्रॉनचा वेग आणि क्षेत्ररेषा यांमधला कोन), म्यू कायम तर संवेगवर्ग क्षेत्राच्या प्रमाणात बदलतो आणि द्विध्रुवी क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजे ५ वर १ एमईव्ही असलेला इलेक्ट्रॉन ६.६ वर, भूस्थिर कक्षेपाशी, अवघा ०.५६ एमईव्हीचा होता. ४ वर आला की १.५४, ३ वर २.५९ एमईव्ही. आत ढकलण्यातून मिळणारी मिळकत अशी भरघोस असते, म्हणूनच बरीच वर्षे विसरण हेच पुरेसे उत्तर मानले जात होते.

काय काय उतरवून घ्यायचे

५ ते १३ ऑक्टोबर २०१२ असे नऊ दिवस घ्या. वादळाआधीचे दोन-तीन शांत दिवस हाताशी नसतील तर वाढ कशाच्या तुलनेत, हेच सांगता येत नाही.

नासाच्या सीडीएवेब या संकेतस्थळावर दोन्ही प्रोब्जच्या फाइली मिळतात. मॅगआयएस या उपकरणाच्या तिसऱ्या पातळीच्या फाइली घ्या, म्हणजे पिच कोनानुसार वेगळा केलेला फ्लक्स मिळतो. हे उपकरण काही दहा केईव्हीपासून काही एमईव्हीपर्यंत मोजते. त्यावरच्या ऊर्जेला, साधारण १.८ एमईव्हीपासून पुढे, रेप्ट. एमफिसिस या उपकरणाकडून दोन गोष्टी हव्यात, चुंबकीय क्षेत्र आणि लहरींचे वर्णपट. चौथी गोष्ट चुंबकीय पंचांगाची, म्हणजे मॅगएफेमच्या फाइली. त्यांत प्रत्येक मिनिटाला एल-स्टार आणि के आधीच काढून ठेवलेले असतात. सौर वारा आणि केपी, एई, सिम-एच या चुंबकीय खळबळीच्या निर्देशांकांचे आकडे ओम्नी या संचात एकत्र मिळतात.

फाइली उघडल्या उघडल्या दोन गोष्टी तपासा. मॅगआयएसचा फ्लक्स प्रति केईव्ही असतो आणि रेप्टचा प्रति एमईव्ही. हे विसरून दोघांना एका आलेखावर बसवले की २ एमईव्हीपाशी बरोबर हजारपटीची पायरी दिसते, आणि नवखा माणूस दोन दिवस तिचे भौतिकशास्त्र शोधत बसतो. दुसरे म्हणजे, जिथे मोजमाप नाही तिथे एक प्रचंड ऋण आकडा भरलेला असतो. तो काढून त्याजागी 'रिकामे' भरल्याखेरीज कसलीही सरासरी काढू नका.

मॅगआयएसच्या फ्लक्सच्या दोन आवृत्त्या असतात. पार्श्वभूमी वजा केलेली आवृत्ती वापरा. आतल्या पट्ट्यातले जोरकस प्रोटॉन उपकरणाच्या भिंती भेदून खोट्या नोंदी करतात, आणि वजाबाकी न केलेल्या आकड्यांत तिथे नसलेले एमईव्हीचे इलेक्ट्रॉन उगवतात.

फ्लक्सपासून फेज स्पेस डेन्सिटीपर्यंत

फेज स्पेस डेन्सिटीला पुढे पीएसडी म्हणू. ज्यांची म्यू, के आणि एल-स्टार सारखी आहे अशा इलेक्ट्रॉनांची ती घनता. लहरींनी काही केले नाही, कुणी हरवले नाही, तर ती क्षेत्र कितीही फुगो वा आकसो, तेवढीच राहते. डीएसटी परिणामाचा काटा असा निघतो.

म्यू आणि के आपण निवडायच्या. सुरुवातीला म्यू १००० एमईव्ही प्रति गॉस घ्या. ४ त्रिज्यांवर तिचा अर्थ सुमारे १.७ एमईव्ही आणि ५.५ वर ०.९ एमईव्ही, म्हणजे मॅगआयएसच्या भर टप्प्यात. हे जमले की ३००० घ्या. ती ४.२ वर सुमारे ३ एमईव्ही आणि ५.५ वर १.९ एमईव्ही होते, रेप्टच्या खालच्या टोकाला जेमतेम धरून. त्याहून मोठी ऊर्जा अधिक रंगतदार दिसते खरी, पण नोंदी विरळ होतात.

के साठी ०.१ च्या आसपासचे मूल्य घ्या, एकक पृथ्वीत्रिज्या गुणिले गॉसचे वर्गमूळ. शून्य घ्यायचा मोह होतो, कारण शून्य म्हणजे विषुववृत्तावरच फिरणारे ९० अंशांचे इलेक्ट्रॉन आणि गणित सोपे. पण उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताशी सुमारे १० अंश कललेली, वरून चुंबकीय अक्षाचा कल वेगळाच. उपग्रह बराच वेळ चुंबकीय विषुववृत्तापासून दूर असतो आणि तिथे ते इलेक्ट्रॉन पोचतच नाहीत. आलेखाला भोके पडतात.

आता प्रत्येक मिनिटासाठी हे असे करायचे. निवडलेल्या के ला कोणते आरसा-क्षेत्र पडते, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथून मागे फिरतो तिथले क्षेत्र किती, ते मॅगएफेममधून काढा. उपग्रहाजवळचे क्षेत्र भागिले आरसा-क्षेत्र, याचे वर्गमूळ म्हणजे पिच कोनाचा साइन. मग लागणारी ऊर्जा:

संवेगवर्ग = १.०२२ × म्यू × आरसा-क्षेत्र

इथे क्षेत्र गॉसमध्ये हवे. उपग्रहाचे आकडे नॅनोटेस्लात येतात आणि १ गॉस म्हणजे १ लाख नॅनोटेस्ला. संवेगवर्गातून वरच्याच सूत्राने ऊर्जा उलटी काढा. त्या ऊर्जेचा आणि त्या पिच कोनाचा फ्लक्स थेट मोजलेला नसतो, शेजारच्या कप्प्यांतून अंतर्वेशन करून मिळवावा लागतो. ऊर्जेच्या दिशेने अंतर्वेशन लॉगरिदम घेऊनच करा. फ्लक्स ऊर्जेबरोबर इतका झपाट्याने पडतो की सरळ रेषेतले अंतर्वेशन दोन कप्प्यांच्या मध्ये तो सर्रास जास्त दाखवते. आणि मोजमापाच्या शेवटच्या कप्प्याच्या पलीकडे पाऊल टाकू नका. तिथे जो काही उंचवटा दिसेल तो तुमच्या सूत्राचा असेल, निसर्गाचा नाही.

शेवटी, फ्लक्स प्रति केईव्ही असेल तर:

पीएसडी = फ्लक्स × ३.३४ × (१० चा उणे ८ वा घात) ÷ संवेगवर्ग

पडताळ्यासाठी एक आकडा. १ एमईव्हीला, प्रति चौरस सेंटिमीटर, प्रति सेकंद, प्रति स्टेरेडियन, प्रति केईव्ही १००० फ्लक्स असेल तर पीएसडी १.६५ गुणिले १० चा उणे ५ वा घात यायला हवी. वेगळी आली तर एकके कुठेतरी घसरली आहेत. पुढे जाऊ नका.

एल-स्टारची डोकेदुखी

पीएसडी आता आडव्या अक्षावर एल-स्टार घेऊन मांडायची आहे आणि सगळ्यात मोठी चूक इथेच शिरते. म्यू उपग्रहाने मोजलेल्या क्षेत्रावरून निघते. एल-स्टार मात्र संपूर्ण प्रदक्षिणेवरचे क्षेत्र मागते, आणि ते फक्त प्रतिमान सांगू शकते. मॅगएफेममध्ये निरनिराळ्या प्रतिमानांवरून काढलेल्या एल-स्टारच्या फाइली असतात. ऑल्सन-फिट्झर हे शांत दिवसांसाठीचे, गणनेला झटपट. वादळात ते अपुरे पडते. त्सिगानेंको-सित्नोव्ह २००४ हे वादळासाठीच बांधलेले, त्याला सौर वाऱ्याचे आकडे पुरवावे लागतात. दोन्ही काढा आणि दोन आलेख शेजारी ठेवा. जो उंचवटा एका प्रतिमानात दिसतो आणि दुसऱ्यात विरतो, त्यावर काही बोलायचे नाही.

दुसरी कसोटी उपग्रह जुळे असल्याचा फायदा घेते. अ आणि ब प्रोब थोड्या वेळाच्या फरकाने एकाच एल-स्टारवरून जातात. त्या वेळी दोघांची पीएसडी जुळली पाहिजे. शांत दिवसात दीड-दोन पटींचा फरक चालवून घ्यावा. त्याहून मोठा असेल तर दोष प्रतिमानात, नाहीतर उपकरणांच्या परस्पर जुळणीत आहे.

मुख्य टप्प्यात बाहेरच्या भागात एल-स्टारच्या जागी रिकामे आकडे येतात. ती फाइलमधली चूक नव्हे. मॅग्नेटोपॉज, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय आवरणाची बाहेरची सीमा, आत दाबला गेल्यामुळे तिथले इलेक्ट्रॉन प्रदक्षिणा पुरीच करू शकत नाहीत, वाटेत सौर वाऱ्यात निसटतात. शेवटची बंद कक्षा किती आत आली त्याचा आकडा मात्र लिहून ठेवा, पुढे लागेल.

आलेख वाचायचा कसा

उपग्रहाची प्रदक्षिणा सुमारे ९ तासांची. म्हणजे दर साडेचार तासांनी, एकदा बाहेर जाताना आणि एकदा आत येताना, पीएसडीचा एक संपूर्ण छेद मिळतो. नऊ दिवसांत एका प्रोबचे अठ्ठेचाळीस छेद. ते वेळेप्रमाणे रंग बदलत एकावर एक रचा. उभा अक्ष लॉगरिदमचा हवा.

विसरण उष्णतेसारखे वागते, जास्त घनतेकडून कमी घनतेकडे. बाहेर साठा असेल तर छेद बाहेरच्या दिशेने चढता राहतो आणि हा चढ हळूहळू आत सरकतो. विसरण कधीही स्वतःहून मधोमध डोंगर उभा करत नाही. म्हणून मध्यावर उंचवटा दिसला आणि प्रत्येक छेदागणिक तो उंचच होत गेला, तर तिथे काहीतरी इलेक्ट्रॉनांना जागच्या जागी वर चढवते आहे.

वाक्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्याहून महत्त्वाचा आहे. उंचवटा असणे हा पुरावा नाही, त्याचे शिखर वाढणे हा पुरावा. कारण उंचवटा खोटाही बनतो. समजा आधी विसरणाने सगळीकडे पीएसडी भरली, मग मॅग्नेटोपॉज आत आला आणि बाहेरचा भाग रिकामा झाला. आत उरलेला ढिगारा डोंगरासारखा दिसतो. पण त्याचे शिखर आदल्या छेदापेक्षा उंच नसते, कडा तेवढी तुटलेली असते. मघाशी लिहून ठेवलेली शेवटची बंद कक्षा इथे कामी येते. ती उंचवट्याच्या अगदी बाहेर लागून आलेली असेल तर संशय घ्या.

आणखी एक फसवा आकार आहे. काही एमईव्हीच्या वर, ईएमआयसी (विद्युतचुंबकीय आयन-सायक्लोट्रॉन) लहरी ठरावीक एल-स्टारवर इलेक्ट्रॉन वातावरणात ओततात आणि छेदात अरुंद खड्डा पडतो. खड्ड्याच्या दोन्ही कडा उंचवटे वाटतात. वेळेबरोबर खड्डा खोल होतोय की कडा वर जाताहेत, एवढे बघितले की उलगडा होतो. याच कारणासाठी म्यू १००० आणि ३००० दोन्ही काढायला सांगितले. ईएमआयसीचा खड्डा मोठ्या म्यूला ठळक असतो, लहान म्यूला फारसा जाणवत नाही.

तिसरी मर्यादा उपग्रहाची. त्यांचे सर्वांत दूरचे टोक पृथ्वीच्या केंद्रापासून ५.८ त्रिज्यांवर. त्यापलीकडे काय चालले आहे ते त्यांना दिसत नाही. कदाचित तिथे आणखी उंच डोंगर असेल आणि तुम्ही त्याचा पायथा बघत असाल. भूस्थिर कक्षेतल्या गोज उपग्रहांचा किंवा थेमिसचा एखादा छेद जोडून घ्या. अंदाजे जुळणीही पुरते, बाहेर पीएसडी कमी की जास्त एवढेच तर हवे आहे.

८ आणि ९ ऑक्टोबर २०१२ चे चित्र असे दिसायला हवे. डीएसटी दोनदा, एकेका दिवसाच्या अंतराने, उणे १०० नॅनोटेस्लाच्या आसपास उतरला. पहिल्या घसरणीत पीएसडी आटली. दुसऱ्या घसरणीबरोबर, ९ तारखेला, एल-स्टार ४ च्या थोड्या पुढे शिखर उभे राहिले आणि अर्ध्या दिवसाच्या आतच कित्येक पटींनी चढले. त्याच्या बाहेर पीएसडी कमीच होती. नंतरच्या दिवसांत शिखर दोन्ही बाजूंना पसरत रुंद झाले. हे पसरणे विसरणाचे. म्हणजे त्या वादळातही विसरण चालू होते, फक्त ऊर्जा पुरवण्याच्या बाजूला नव्हते, वाटून टाकण्याच्या बाजूला होते.

विसरणाला वेळ पुरला असता का, ते आकड्याने तपासा

विसरणाचा वेग केपीवरून काढायचे ब्राऊटिगॅम आणि अल्बर्ट यांचे सन २००० चे सूत्र अजूनही सर्रास वापरात आहे. केपीला ०.५०६ ने गुणा, त्यातून ९.३२५ वजा करा, १० चा तेवढा घात घ्या आणि त्याला एलच्या दहाव्या घाताने गुणा. उत्तर प्रतिदिनात येते.

एल म्हणजे क्षेत्ररेषेचे विषुववृत्तावरचे अंतर, पृथ्वीत्रिज्यांत. एल ५ आणि केपी ६ असताना हा गुणांक सुमारे ५ प्रतिदिन निघतो, म्हणजे काही तासांत परिणाम दिसेल. तिथेच केपी २ असताना ०.०४८, म्हणजे तीन आठवडे. एल ४ वर केपी ६ असतानाही ०.५ च्या आसपासच, दोनेक दिवस. एलचा दहावा घात काय करामत करतो ते इथे दिसते. ४ च्या जवळपासचे शिखर अर्ध्या दिवसात उभे राहिले असेल, तर नुसत्या विसरणावर त्याचा हिशेब बसवणे अवघड. हे सूत्र सरासरीवर बेतलेले आहे आणि एखाद्या वादळात ते कित्येक पटींनी चुकू शकते, तेव्हा त्याच्यावर निकाल देऊ नका, साक्षीला घ्या.

कोरस खरेच होता का

शिखर वाढले म्हणजे कोरसने वाढवले, अशी उडी मारायची नसते. लहरी प्रत्यक्ष शोधा.

एमफिसिसच्या वर्णपटावर गिरकीच्या वारंवारतेची रेषा काढा. नॅनोटेस्लातले क्षेत्र गुणिले २८ म्हणजे हर्ट्झ. एल ५ वर सुमारे २४० नॅनोटेस्ला, म्हणजे ६.७ किलोहर्ट्झ. कोरस या रेषेच्या एक दशांशापासून आठ दशांशापर्यंत असतो आणि बरोबर निम्म्यावर त्यात एक पोकळ पट्टी सुटलेली दिसते. त्या पोकळीच्या खालचा पट्टा, इथे ०.७ ते ३.४ किलोहर्ट्झ, एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनांना वर चढवण्यात मुख्य.

ही वारंवारता माणसाच्या कानाच्या टप्प्यातली आहे. एमफिसिसच्या तरंगरूपाच्या फाइलीत सेकंदाला ३५ हजार नमुने असतात, ते तसेच्या तसे ध्वनिफाइलीत लिहून वाजवता येतात. कानाला हेडफोन लावा. खालून वर झपकन चढणारे छोटे छोटे सूर, एक विरायच्या आत दुसरा, मध्येच तीन-चार एकदम. पहाटे पिंपळावर साळुंक्या जमल्या की असाच गलका असतो, कोरस हे नाव त्यावरूनच पडले. वर्णपटात हेच सूर तिरक्या रेघांसारखे दिसतात. एकसुरी, न चढणारी सायसाय ऐकू आली तर बहुधा तुम्ही प्लाझ्मास्फिअरच्या, म्हणजे पृथ्वीलगतच्या थंड, दाट प्लाझ्माच्या, आत आहात आणि ती हिस लहर आहे. ती इलेक्ट्रॉनांना ऊर्जा देत नाही, दिवसेंदिवस झिजवते.

कोरस साधारण मध्यरात्रीपासून पहाटेमार्गे दुपारपर्यंतच्या बाजूला, प्लाझ्मापॉजच्या (प्लाझ्मास्फिअरच्या कडेच्या) बाहेर असतो. सबस्टॉर्ममध्ये, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय शेपटीत साठलेली ऊर्जा अचानक सुटते तेव्हा, शेपटीकडून आत फेकले गेलेले काही ते काही दहा केईव्हीचे इलेक्ट्रॉन त्याला जन्म देतात. त्यांच्याबरोबर आलेले काहीशे केईव्हीपर्यंतचे इलेक्ट्रॉन हे बियाणे, कोरस वाढवतो ते यांनाच. तुमचा उपग्रह त्या दिवशी संध्याकाळच्या बाजूला असेल तर वर्णपट कोरा दिसेल. त्यावरून कोरस नव्हता असे म्हणू नका. एई तासन्‌तास काहीशे नॅनोटेस्लांवर राहिला होता का ते बघा.

प्लाझ्माची घनताही काढून ठेवा. एमफिसिसच्या उच्च वारंवारतेच्या वर्णपटात एक ठळक बारीक रेषा वरखाली होत जाते, तिच्यावरून प्लाझ्मा वारंवारता मिळते. किलोहर्ट्झमधला तो आकडा ८.९८ ने भागून वर्ग केला की घन सेंटिमीटरमागे इलेक्ट्रॉन किती ते कळते. २८ किलोहर्ट्झ म्हणजे साधारण १०. घनता इतकी किंवा याहून खाली उतरली असेल तर कोरसला इलेक्ट्रॉन काही एमईव्हीच्या पार नेणे फार सोपे जाते.

शेवटची साक्ष क्रमाची. वेगवेगळ्या ऊर्जांचा फ्लक्स एकाखाली एक मांडा. आधी काहीशे केईव्ही वर जातात, मग काही तासांनी १ एमईव्ही, आणि त्याहून उशिरा ३-४ एमईव्ही. अशी पायरीपायरीने चढण असेल तर कोरसचे चित्र जुळते. सगळ्या ऊर्जा एका मिनिटात एकदम उसळल्या तर प्रकार निराळा. २४ मार्च १९९१ रोजी असे झाले होते. सौर आघात-लहर मॅग्नेटोस्फिअरवर आदळली आणि अडीच त्रिज्यांपाशी १५ एमईव्हीच्या वरचे इलेक्ट्रॉन एका प्रदक्षिणेच्या आत हजर झाले. क्रेस उपग्रह नेमका तिथे होता. अशा घटनेला वरची पद्धत लावू नका. छेद घ्यायला साडेचार तास आणि घटना दोन मिनिटांची.

दुसरे वादळ निवडताना

१७ मार्च २०१५ चे वादळ पुढच्या सरावाला चांगले. डीएसटी उणे २०० नॅनोटेस्लाच्याही खाली गेला होता आणि दोन्ही प्रोब्ज चालू होते. आपल्याकडच्या वाचकांना जमिनीवरची जोडही घेता येईल. अलिबागच्या वेधशाळेत क्षेत्राचा आडवा घटक अखंड नोंदला जातो आणि त्यातली घसरण वादळाचे टप्पे दाखवायला पुरेशी असते. ही वेधशाळा १९०४ पासूनची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, कुलाब्याच्या नोंदी बिघडणार, म्हणून ती तिकडे हलवली गेली. फक्त एक काळजी घ्या. अलिबागच्या आलेखात दररोजचा सूर्यामुळे येणारा चढउतार मिसळलेला असतो. शांत दिवसाची रेष वजा केल्याशिवाय तो आकडा डीएसटीशेजारी ठेवू नका.

व्हॅन ॲलन प्रोब्ज २०१९ मध्ये बंद झाले, ब जुलैत आणि अ ऑक्टोबरात. त्यामुळे १० आणि ११ मे २०२४ च्या महावादळासारखी अलीकडची घटना घ्यायची तर जपानचा आरासे उपग्रह बघावा लागतो. तो डिसेंबर २०१६ मध्ये उडाला, टोक साधारण ३२ हजार किलोमीटर उंचीवर. पद्धत तीच. पण त्याची कक्षा विषुववृत्ताशी सुमारे ३१ अंश कललेली आहे, तेव्हा के ०.१ ठेवली तर आलेखात मोठाले खंड पडतील. के थोडी मोठी घ्या, आणि जुन्या वादळाशी तुलना करायची असेल तर प्रोब्जची पीएसडीही त्याच के ला पुन्हा काढा.